पहिलीचा वर्ग फाटकापाशी

अकरा फेब्रुवारीला नव्या प्राथमिक शाळेसाठी अठरा लाख सेहेचाळीस हजार पाचशे रुपये मंजूर झाले. एकतीस मार्चच्या आत जागा आणि नकाशा पक्का झाला नाही, तर रक्कम परत जाणार होती. काम आलं रकानेसाहेबांकडे. त्यांचं खरं आडनाव वेगळंच. पण शिक्षण खात्यातले हे हेडक्लार्क कशालाही रकाने आखत, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. घरच्या वाणसामानाच्या यादीतही 'शेरा' हा रकाना असे. "मीठ संपलंय, त्यात शेरा काय मारू?" असं बायको विचारी. निवृत्तीला साडेतीन महिने उरले होते. एकतीस वर्षांत त्यांची एकही फाईल चुकीसाठी परत आली नव्हती. ही शेवटचीही तशीच जावी, एवढंच त्यांना हवं होतं.

जागा दोन होत्या. बस डेपोमागची सपाट आणि स्वस्त. पाण्याच्या टाकीखालची उताराची आणि थोडी महाग. गुण देऊन पाहिले तर डेपो तीन गुणांनी पुढे. तरी खात्री करायला ते जुन्या शाळेतल्या शिपाई मावशींना घेऊन शाळा भरायच्या वेळी तिथे उभे राहिले. मावशी सत्तावीस वर्षं पहिलीच्या पोरांना बोट धरून नळावर आणि शौचालयात नेत आलेल्या. अर्ध्या तासात डेपोतून चौतीस बस बाहेर पडल्या.

"साहेब, तुमच्या कागदात बसला रकाना नाही का?" मावशींनी विचारलं.

त्याच दिवशी टाकीखालची जागा ठरली.

उतारावर चार टप्पे, प्रत्येक टप्प्यावर एका इयत्तेच्या दोन खोल्या, सगळ्या सारख्या मापाच्या. रकानेसाहेबांनी इंजिनिअरला सुवाच्य यादी दिली: वर पहिली, खाली दुसरी, मग तिसरी, तळाला चौथी. इंजिनिअर नवा होता, हेडक्लार्कच्या शब्दाबाहेर न जाणारा. त्याने यादीबरहुकूम नकाशा काढला. रकानेसाहेबांनी मापं तीनदा पडताळली, बेरीज जुळली, सही केली.

सव्वीस मार्चला चार वाजता नकाशा मंजूर करणाऱ्या समितीची बैठक. त्याआधी सभासद जागा बघणार, म्हणून सकाळी इंजिनिअरने जमिनीवर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या. फक्की कमी पडली, तेव्हा सोबत आलेल्या मावशींनी कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःच्या पैशांनी दोन पिशव्या आणल्या. मग त्या फाटकाच्या जागेपासून चढत गेल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून माथ्यावर थांबल्या.

"ही कुठली खोली?"

"पहिलीची," रकानेसाहेब म्हणाले.

"आणि शौचालय?"

"खाली, फाटकापाशी. सांडपाणी उताराने जातं ना," इंजिनिअर म्हणाला.

"पायऱ्या किती?"

"बेचाळीस."

"मग पहिलीचं पोर तिसाव्या पायरीवरच मोकळं होणार. खालच्या चौथीवाल्यांनी छत्र्या घेऊन बसायचं का?"

इंजिनिअर फिस्सकन हसला. रकानेसाहेबांनी खिशातून आपली यादी काढली. जन्मभर वहीत पहिली नोंद वर लिहिली. कागदावर वर म्हणजे आधी; टेकाडावर वर म्हणजे दमछाक.

"मला वाटलं, तुम्ही विचार करूनच लिहिलंय," इंजिनिअर चाचरत म्हणाला.

"केला होता विचार. उताराचा नाही केला."

नवा नकाशा काढायला आठ दिवस लागले असते आणि तोवर रक्कम गेली असती. आहे तसं राहू दिलं असतं, तर कुणी ब्रही काढला नसता. सभासद काही माथ्यापर्यंत चढणार नव्हते.

"मावशी, पहिलीची पोरं दिवसातून किती वेळा न्यावी लागतात?"

"चारदा. नवी असली की पाचदा."

चारदा जाऊन-येऊन तीनशे छत्तीस पायऱ्या, त्याही सहा वर्षांच्या पायांनी. रकानेसाहेब तिथेच दगडावर बसले. भिंती हलवायच्या नव्हत्या, फक्त इयत्ता बदलायच्या होत्या. नकाशातल्या आठही खोल्यांवरची इयत्ता त्यांनी लाल शाईने खोडली आणि फाटकापासून वर पहिली ते चौथी लिहून प्रत्येक खाडाखोडीपाशी सही केली. खाली टीप लिहिली: 'इयत्तांचा क्रम माझ्याकडून उलटा लागला होता. बांधकामात बदल नाही.'

बैठकीत अध्यक्षांनी चष्मा वर केला. "रकानेसाहेब, तुमच्या फाईलीत खाडाखोड? आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"सूर्य जागेवरच आहे साहेब. पहिलीचा वर्ग तेवढा खाली आलाय."

पावणेपाचला मंजुरी मिळाली.

"झाली का फाईल मनासारखी?" घरी बायकोने विचारलं.

"नाही. आठ ठिकाणी खोडली."

"आणि शाळा?"

"शाळा झाली," असं म्हणून त्यांनी चक्क दुसरा चहा मागितला.

पाच मेला पायाची खोदाई सुरू झाली, ती फाटकाकडून. निवृत्तीनंतरही रकानेसाहेब रोज सकाळी तिथे चक्कर मारतात. फक्कीच्या दोन पिशव्यांची पावती कुणी घेतली नव्हती, त्यामुळे तो खर्च हिशेबात बसला नाही, आणि त्यांच्या खिशातले पैसे मावशी घेत नाहीत. मावशींचे एकशे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.