पंपावरचा ओला फडका

इथले किस्से मी वाचतो ते दात काढायला, हे आधीच सांगून ठेवतो. जालन्याच्या एका कॉलेजात उभी हयात फिजिक्स शिकवलं. कुणी पोरगं वर्गात भुताखेताचं बोललं की "जा, मार्कही त्याच्याकडूनच आण" म्हणून बाहेर काढायचो. दाराला लिंबू-मिरची दिसली की आजही डोकं फिरतं. तरी हे लिहितोय... ज्यांना चेष्टा करायची त्यांनी खुशाल करावी. तुमच्या जागी मी असतो तर केलीच असती.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आमचं गाव घनसावंगीच्या पुढे, गोदाकाठाला. थोरली बहीण, म्हणजे अक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्ती. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर दिवस राहिलेले, त्यामुळे आई तिला खाली पाय ठेवू देत नव्हती. वडील, आमचे अप्पा, आदल्याच हिवाळ्यात गेले होते. त्यांची जुनी गाडी दारात उभी होती – कार्बोरेटरवाली, चोक ओढून सुरू करायची.

ह्या गाडीचं उन्हाळ्यात एक नाटक असायचं. ऊन तापलं की पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची, कार्बोरेटरला थेंब पोचायचा नाही आणि गाडी बंद. इलाज एकच. बॉनेट उघडून पंपावर ओला फडका दाबून धरायचा, पंप गार पडला की सेल्फ मारायचा. अप्पा स्टिअरिंगवर अन् अक्का बॉनेटपाशी, ही जोडी अक्का परकरात होती तेव्हापासूनची. पंप कधी गार पडला ते तिला बराबर कळायचं. "आता मार!" म्हणाली की गाडी सुरू झालीच म्हणून समजा. मी आपल्या अकलेनं सेल्फ मारला की हमखास फुसका. "मास्तर, हे तुमचं काम न्हाई," म्हणून मला खिजवायची.

वैशाखातली दुपार होती. अक्काचे दिवस अजून भरले नव्हते आणि अंगावरून एकदम रक्त जायला लागलं. लग्नसराई, गावातल्या सगळ्या जीपा वऱ्हाडं घेऊन गेलेल्या. अक्काला मागच्या सीटवर आईच्या मांडीवर निजवलं आणि अंबडच्या दवाखान्याकडं गाडी सोडली. बरोबर पाण्याचा एक कॅन, तोही घाईत अर्धाच भरलेला.

मध्येच गाडीनं आचके दिले आणि बंद पडली. आत नुसती भट्टी. अक्काला उचलून रस्त्याकडेच्या बाभळीखाली गोधडीवर ठेवलं. कॅनमधलं पाणी तिला पाजण्यातच संपलं होतं. आसपास ना विहीर, ना माणूस. बॉनेट उघडलं, पण पंपावर टाकायला पाणी नाही म्हणून मी नुसताच सेल्फ मारत राहिलो. बॅटरीचा आवाज बसत चालला...

मागून आई ओरडत होती, "अरे काय करून राह्यला? जल्दी कर रे बाबा, पोरगी गार पडून राह्यली!"

मी गाडीला शिव्या दिल्या, देवाला दिल्या, मेलेल्या अप्पांनाही दिल्या. खरं सांगतो, मी रडत होतो.

आणि समोरून आवाज आला. "थांब. दम धर जरा."

अक्काचा आवाज. बॉनेट वर, त्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. खालच्या फटीतून फक्त दोन हात दिसले. हिरवा चुडा. पंपावर फडका दाबून धरलेला – डाळिंबी रंगाचा, ओलाकच्च.

"अक्के, उठलीस कशाला? मरायचंय का?" मी ओरडलो.

"आता मार."

मारला. गाडी एका झटक्यात सुरू!

खाली उतरून पुढं गेलो तर कुणीच नाही. फडका पंपावर होता. अप्पाही तो तसाच राहू द्यायचे, मीही राहू दिला. बॉनेट आपटलं आणि बाभळीकडं धावलो. अक्का गोधडीवर होती, डोळे मिटलेले. आई तिचा हात धरून बसलेली. वाटलं, परत येऊन पडली असेल. विचार करायला वेळ कुठं होता?

अंबडला पोचलो. मुलगी वाचली. एवढीशी होती, पण रडली. अक्का दिवस मावळायच्या आत गेली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच राहिलं नव्हतं, आणखी उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या.

बाहेर पायरीवर मी आईवर भडकलो. राग कुणावर तरी काढायचाच होता. "तू तिला गाडीपर्यंत चालत येऊच कशी दिलीस?"

आई बघतच राहिली. "काय बोलून राह्यला तू? ती कुठं उठली? शुद्धच नव्हती रे तिला. मी हात सोडला न्हाई तिचा, बिलकुल न्हाई."

मी जाऊन बॉनेट उघडलं. फडका पंपावरच होता, वाळून पापडासारखा कडक झालेला. उचलला तर बोटांना काळपट तांबडी खपली लागली. पाणी वाळलं की खपली धरत नाही. अक्काची साडी नर्सनं बोचक्यात बांधून दिली होती, ती सोडली. डाळिंबी साडी. खालचा काठ फाटलेला, आणि तो तुकडा त्याला बराबर जुळला. "मी न्हाई फाडलं रे," आई एवढंच म्हणत राहिली.

पंप आपोआप गार झाला असेल, मला भास झाला असेल – हे सगळं तुमच्या आधी मीच मला समजावून झालंय. पण भासानं साडी फाटत नाही हो. त्या माळावर पाण्याचा थेंब नव्हता. अक्कापाशी ओलं असं एकच होतं, आणि तिनं ते पंपावर धरलं.

तो तुकडा मी अस्थींबरोबर गोदावरीत सोडला. भाचीला फडक्याचं कधी सांगितलं नाही. लहानपणी ती विचारायची, "मामा, गाडी बंद पडल्ती ना, मंग मी दवाखान्यात कशी पोचले?"

मी म्हणायचो, "तुझ्या आईनं सुरू करून दिली."