कंपनीच्या साबणात धुतलेले लंगोट

पिंपरीच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा नोकरीपेक्षा मला तिथल्या साबणाचं जास्त कौतुक होतं. तेला-ग्रीसचे हात धुवायला दर महिन्याला आम्हाला पिवळ्या साबणाच्या वड्या मिळायच्या. त्या कारखान्यात जपून वापरल्या की उरलेल्या घरी नेता येत. मी तर हात निम्मे काळे ठेवायचो, पण वडी अख्खी घरी आणायचो. साताऱ्याकडच्या आमच्या गावात साबण लग्नाकार्यालाच दिसायचा. इथे चिंचवड गावठाणातल्या भाड्याच्या खोलीत मी त्याची चळत लावून बसलो होतो. स्वतःला कोण समजत असेन, तुम्हीच बघा.

पहिलं बाळंतपण माहेरी उरकून बायको मुलीला घेऊन चिंचवडला आली. मुलगी अगदी लोण्यासारखी. मी ती चळत बायकोपुढे ठेवली आणि म्हणालो, "लेकीचं सगळं यातच धुवायचं. आपल्याला काय कमी आहे?"

माझ्या जुन्या धोतराचे लंगोट दोरीवर असे पांढरेफटक दिसायला लागले की घरमालकीण, गावठाणातली जुनी शेतकरी बाई, अंगणातून म्हणायची, "अगं, एवढं पांढरं तर आमच्या म्हशीचं दूध बी न्हाई!" ते ऐकायला मी मुद्दाम दारात रेंगाळायचो.

थोड्याच दिवसांत पोरीचं बूड लाल झालं. मग जांघेतली कातडी सोलवटली. लंगोट बदलायला घेतला की ती अंग ताठ करून किंचाळायची. खोबरेल झालं, शंखजिऱ्याची पूड झाली, डॉक्टरांनी दिलेलं मलम झालं. जरा बरं वाटायचं की पुन्हा तेच. माहेरहून धडधाकट आलेली पोर माझ्या घरात येऊन अशी व्हावी? सासऱ्यांना काय तोंड दाखवणार, या काळजीनं मी गावाहून आईला बोलावून घेतलं.

आईनं नातीला पालथं घालून नीट पाहिलं आणि मग सुनेकडे मोहरा वळवला.

"काय खातीस गं तू?"

बायकोनं खरं ते सांगितलं. वांग्याचं भरीत, ठेचा, शेंगदाण्याची चटणी.

"मग बरोबर हाय! अंगावर पिती ना पोर? आईच्या पोटातली आग लेकीच्या बुडातनं निघती."

खटला तिथेच संपला. बायकोला पेज, मुगाचं गोडं वरण आणि बिनतिखटाचा दुधी. ठेच्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ती खाली मान घालून पेज प्यायला लागली. पथ्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. हा राखणदार तिच्यासमोर बसून भरीत-भाकरी खायचा आणि वर म्हणायचा, "जरा मीठ कमी आहे." ते भरीतही तीच करून वाढायची, हे सांगायचं राहिलंच.

आईनं घरातलं धुणं स्वतःकडे घेतलं. कंपनीच्या साबणाला मात्र ती शिवेना. "कसली चरबी असती त्यात, देवाला ठावं." गावाहून आणलेले रिठे भिजवून त्या फेसात ती सगळं धुवायची. बघता बघता पोरीची कातडी भरून आली.

"वांगं गेलं, आग गेली," असं म्हणत आई गावी परतली. जाताना मला बाजूला घेऊन बजावलं, "परत झालं तर समज, हिचं तोंड आवरत न्हाई. मग दोघींना घेऊन जाईन. पोर चालाय लागंपर्यंत तू थाप हितं एकटा भाकरी."

आई गेली आणि लंगोट पुन्हा साबणात पडले. तेव्हा ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पोर पुन्हा लाल झाली.

एक दिवस पहिली पाळी करून घरी येत होतो. पोरीचं रडणं गल्लीतूनच ऐकू आलं. आत शिरल्या शिरल्या बायकोला म्हणालो, "खरं सांग, मालकीणबाईंकडे काय खाल्लंस?"

ती पोरीला थोपटत राहिली. उत्तर अंगणातून आलं.

"आवं भाऊ, कालच भरताची वाटी दिली व्हती म्या. तिनं वास घेतला अन् माघारी दिली. निस्ता वास घेतल्यानं बी पोरीला बाधतंय व्हय?"

मी खजील झालो. पण खजील झालेला नवरा गप्प बसतो थोडाच? मी आणखी गुरकावलो, आणि गावाकडे निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आईला निरोप धाडला, की पुन्हा झालंय, ये.

दुसऱ्या दिवशी बायकोनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या.

"आत्याबाई धुणं करत होत्या तोवर माझे हात बरे होते. पोरही बरी होती. वांगं मी तेव्हाही खात नव्हते, आत्ताही खात नाही."

"मग?"

"मग तुमचा साबण. तो ग्रीस काढायला देतात ना? पोरीच्या बुडाला ग्रीस लागलंय का?"

"माझ्या हातांना कसं काही होत नाही?"

"तुमचे हात काचकागदावर घासले तर काचकागद झिजेल."

तिनं आईचे उरलेले रिठे भिजवले आणि लंगोट पवनेच्या वाहत्या पाण्यात खळखळून काढले. आई येऊन पोचली तोवर पोर बरीच निवळली होती. दोघींचे कपडे न्यायला आईनं रिकामी पत्र्याची पेटी आणली होती. नातीला पालथं घालून ती म्हणाली, "भरलंय की! पथ्य पाळलं की सगळं व्हतं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. साबणाच्या चळतीवर मी पंचा टाकून ठेवला होता, तो मीच ओढला.

"आई, वांगं नव्हतं ते. हा साबण होता. मी आणलेला."

आई त्या पिवळ्या वड्यांकडे बघत राहिली.

"आन् ही इतके दिवस पेज पीत व्हती?"

"हो."

"तुझ्यासमोर?"

मी मान हलवली.

"आन् तू?"

"भरीत."

"पेज प्यायला सांगणारी तर मीच," असं काहीसं पुटपुटत ती उठली. मालकीणबाईंकडून वांगी आणली, चुलीत भाजली, ठेचा वाटला. आमच्याकडे बायका मागून जेवायच्या. त्या दिवशी आईनं पहिलं ताट सुनेपुढे ठेवलं. माझ्यापुढे पेजेची वाटी आली. मी निमूट प्यालो. मीठ कमी होतं, पण बोललो नाही.

बायकोनं पहिला घास घेतला आणि डोळ्यांना पदर लावला.

"लई तिखट झालं का गं?" आईनं विचारलं.

"हो," ती म्हणाली.

मिरच्या तर आईनं बेतानंच घातल्या होत्या. मी वाटीत बघत बसलो.