खालाचा कोरा कागद

मंगरूळपीरच्या मुली खालाला पाठीमागं ‘टिपवाली’ म्हणायच्या. तिच्या पार्लरमध्ये कुणी रुमालानं तोंड घासलं की ती हातातलं काम टाकून ओरडायची, “घासू नोको! तोंड हाय ते, तवा नाही. टिप!” मग स्वतः उठून कपाळ, नाक, हनुवटी अशा क्रमानं कागद नुसता टेकवायची आणि अलगद उचलायची. मी आसेगावहून बसनं कॉलेजला यायचे. उतरेपर्यंत माझ्या तोंडावर तेल आणि धूळ यांचा लेप बसलेला असायचा. मला बघितलं की खाला म्हणायची, “आली माही भजी.”

ते कागद जपानचे होते. एका गिऱ्हाइकाचा नवरा कामाला तिकडं गेला होता, त्यानं आणलेलं छोटं पाकीट त्या बाईनं खालाला भेट दिलं. आणि सोबत त्या कागदाची हकिकतही सांगितली. तिकडं सोन्याचा वर्ख ठोकताना थरांमध्ये हा कागद घालतात. ठोकून ठोकून तो इतका मऊ होतो की नाटकातले नट आणि नाचणाऱ्या बाया त्यानं चेहऱ्याचं तेल टिपायच्या, रंग जराही न हलवता. हे ऐकून खालाला कोण आनंद झाला! कारण तिचे अब्बा कारंज्याला चामड्याच्या वहीच्या पानांमध्ये ठेवून चांदीचा वर्ख ठोकायचे. “आमच्या अब्बानं जिंदगीभर चांदी ठोकली,” ती म्हणायची, “पन त्याच्या चामड्याच्या वहीनं कोनी तोंड पुसलं नाही. मिठाईच खाल्ली साऱ्याईनं.”

एरवी ती साधे, मोबाइलवरून मागवलेले कागद वापरायची. जपानी कागद फक्त नवरीला. मे महिन्यातली लग्नं, मांडवात पंखा असून नसल्यासारखा, आणि तरी खालाची नवरी शेवटपर्यंत टवटवीत दिसायची. टिपलेला कागद ती खिडकीशी उजेडात धरायची. तेल लागलेल्या जागी तो काचेसारखा पारदर्शक व्हायचा, तो डाग बघून ती नवरीला सल्ला द्यायची: दहादा साबण लावू नको, नाहीतर तेल अजून सुटतं, पावडर आधी नाही, टिपल्यावर, फोड हातानं फोडशील तर माझ्याकडं येऊ नकोस.

पाकिटातला शेवटचा कागद मात्र तिनं कुणालाच दिला नाही. तो रुहीचा होता. रुही तिची एकुलती एक लेक, नवरा गेल्यानंतरचं तिचं सगळं जग. चेहरा मात्र माझ्यासारखाच, दुपारपर्यंत चकाकणारा. खाला तिच्यामागं कागद घेऊन फिरायची आणि रुही चिडायची, “अम्मी, मी काय समोसा आहे का?”

रुहीचं लग्न कामरगावला ठरलं आणि तिच्या चेहऱ्यात फरक पडू लागला. तेल कमी झालं. मुरुमं बसली. रंग उजळला, अगदी फिकट गोरा. खाला रोज संध्याकाळी साधा कागद टेकवून बघायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. “पाह्य, कोरा! एक डाग नाही. इतक्या सालाची मेहनत हाय माही.” सासरची माणसं भेटायला आली तेव्हा होणारी नणंद म्हणाली की मुलीवर काय नूर चढलाय. त्या दिवशी खालानं पार्लरमधल्या सगळ्यांना जिलेबी वाटली. रुही हसली, पण बसून राहिली. तिला थकवा यायचा. अंगाला खाज सुटायची, तेव्हा खाला खोबरेल चोळून द्यायची. पाय सुजले, तर दिवसभर उभं राहून सुजले असतील असं सगळ्यांनाच वाटलं.

एके दिवशी रुही पार्लरमध्येच कोसळली. अकोल्याच्या दवाखान्यात कळलं की दोन्ही किडन्या कधीच्याच निकामी होत आल्या होत्या. डॉक्टर तरुण होते, मायेनं बोलत होते. त्यांनी इतर प्रश्नांसारखाच एक प्रश्न विचारला, “त्वचा अशी कोरडी, फिकट कधीपासून झाली?”

“रमजानच्या आधीपासून,” खाला चटकन म्हणाली. तिच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक असणार? आणि मग ती रोज कागद टेकवणाऱ्या आपल्या बोटांकडं बघत राहिली. मी तिच्या शेजारीच होते. तिच्या चेहऱ्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

खाला स्वतःची किडनी द्यायला निघाली, तर तिचीच साखर आडवी आली. दुसरं कुणी मिळेना. डायलिसिसच्या वाऱ्या सुरू झाल्या, त्याही पुरल्या नाहीत. लग्नाची तारीख येऊन गेली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी रुही गेली. या घरावर देवानं एवढा राग का धरावा, हे मला आजही समजत नाही.

मी भेटायला गेले तेव्हा पार्लरचं शटर अर्धं खाली होतं. आत खाला भिंतीला टेकून बसली होती. तिनं उशीखालून ते जपानी पाकीट काढलं, त्यातला शेवटचा कागद माझ्यासमोर उजेडात धरला.

“शेवटी दवाखान्यात लावला तिच्या कपायाले,” ती म्हणाली. “म्हटलं, दुल्हनीचा कागद हाय, तिलेच लागू दे. पाह्य, काहीच नाही आलं. इतक्या पोरीईचे डाग पायले म्या. माह्या पोरीचा एवढासाही नाही राह्यला माह्याजवळ.”

कागद खरंच कोरा होता. बसच्या गर्दीतून आल्यामुळं माझं तोंड नेहमीसारखं तेलकट, घामट झालेलं. सवयीनं मी पर्समधून टिपकागद काढला, तर खालानं माझा हात धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. तिनं आपला तळवा माझ्या कपाळावर ठेवला, गालांवरून, नाकावरून फिरवला, चांगला घासून फिरवला. हात तेलकट झाला तरी तिनं तो काढला नाही. “राहू दे, पोरी. नोको टिपू.”

मी तशाच तोंडानं आसेगावच्या बसमध्ये बसले.