शॉर्टस्टॉप देऊन घेतलेली कॅचर

मॅडम आज सकाळी गेल्या, आणि मला रडू येण्याआधी राग आला.

मॅडम म्हणजे माझ्या सासूबाई. लातूरच्या एका शाळेत पीटीच्या टीचर होत्या आणि मुलींच्या सॉफ्टबॉल क्लबच्या कोच. घरात सगळे त्यांना आई म्हणायचे. मी मॅडमच म्हणत राहिले, कारण मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते समोरच्या टीमच्या बाकावर.

मी नांदेडची कॅचर. बॅटरच्या मागे उकिडवी बसणारी, तोंडावर जाळी लावलेली.
त्या मॅचमध्ये त्यांच्या मुली पिचरचा डोळा चुकवून पळत सेकंड बेस चोरायला निघाल्या की मी बॉल फेकून आउट करत होते. लातूर हरलं.

मॅच संपल्यावर मॅडम थेट माझ्याकडे आल्या.
"का गं, घरी कोण कोण असतंय तुझ्या?"

मला वाटलं, तक्रार करणार.
महिन्याभरात स्थळ घेऊन आल्या.

बाबांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"
"मुलगा हाय चांगला. पोरीचे गुडघे कसे हायेत?"

बाबांना आधी माझ्या दादाचं लग्न उरकायचं होतं, म्हणून ते हो म्हणेनात. मग मॅडमनी आपली मुलगी पुढे केली. वैशाली. लातूरची शॉर्टस्टॉप. सेकंड आणि थर्ड बेसच्या मधून बॉल जाऊ द्यायची नाही.

थोडक्यात, साटंलोटं. ती आमच्या घरात, मी त्यांच्या घरात.

आमच्याकडे साटंलोट्याला लोक घाबरतात. एका घरात वाजलं की दुसऱ्या घरातही वाजतं. मॅडमना त्याचं काही नव्हतं. त्यांना टीम दिसत होती. आम्हा चौघांना विचारलं होतं, आम्ही हो म्हणालो होतो, हे खरं. पण माझ्या नवऱ्याला स्ट्राइक म्हणजे काय ते आजही नीट सांगता येत नाही.

लग्नानंतर पहिल्याच सीझनमध्ये होम प्लेटवर एक मुलगी अंगावर आली आणि माझा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, आता उकिडवं बसणं विसरा.

तेव्हापासून मॅडमचं जे सुरू झालं!

पाहुणे आले की, "शॉर्टस्टॉप दिली आन् हे घेतलं."
भाकरी करपली की, "फसवलं बघा नांदेडवाल्यांनी."
दिवाळीला वैशाली माहेरी आली की तिचा हात धरून, माझ्यासमोर, "लई नुकसान झालं गं माझं."
मला हाक मारायच्या ती सुद्धा, "ए नांदेड, चहा टाक."

सगळे हसायचे. मीही हसायचे. मग आत जाऊन भांडी आपटायचे.

नवरा म्हणायचा, "तिचं काय मनावर घेतेस?"
मनावर नको घेऊ तर कुठे घेऊ?

मला फक्त एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, की ही खेळाडूंची अदलाबदल, हा ट्रेड, वाया गेला नाही.

खेळ सुटला, तरी मॅडमनी मला ग्राउंड सोडू दिलं नाही. रोज सकाळी होम प्लेटच्या मागे एक प्लास्टिकची खुर्ची मांडायच्या.
"बस. पोरींचे पाय बघ. चुकलं की बोल."
खुर्ची त्या स्वतः स्कूटीवर आणायच्या. आणि मांडताना सगळ्या मुलींना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "या महाराणी."
क्लबच्या सगळ्या कॅचर मी त्या खुर्चीत बसून तयार केल्या. शाबासकी? विसरा.

टीम बांधण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा उदगीरच्या क्लबला दोन आउटफिल्डर देऊन एक डावखुरी पिचर आणली. तिथल्या सरांसमोर अशा तोंड पाडून बसल्या, की त्या बिचाऱ्यांनी वर चार ग्लोव्ह्ज दिले.

परत येताना एसटीत मला म्हणाल्या, "चांगली पोरगी हाताला लागली की हसायचं न्हाई. हसलं की समोरच्याला कळतंय आपण काय दिलं ते. मग तो परत मागतोय."

गेल्या आठवड्यात वैशाली नांदेडहून आली. मॅडम अंथरुणाला खिळलेल्या, आवाज पार आत गेलेला. त्यांना हसवायला वैशाली म्हणाली, "आई, चल, ट्रेड परत फिरवू. मी राहते इथं. हिला धाड नांदेडला."

मी पाय चेपत होते. म्हटलं, झालं, आता नुकसान निघणार.

मॅडमनी तिला बोटाने जवळ बोलावलं.
"हळू बोल गं. नांदेडवाल्यांना अजून कळलं न्हाई त्यांनी काय दिलंय ते."

वैशाली हसली, आणि हसता हसता रडायला लागली.
मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
"ए नांदेड, जोर लाव की जरा."

मॅडम, ही काय पद्धत झाली?

उदगीरच्या सरांसमोर तोंड पाडलंत, ठीक. घरात समोरचं कोण होतं? मीच ना?
मला कळलं असतं तर काय मी पळून जाणार होते?
इतक्या वर्षांत एकदा हसला असतात तर काय बिघडलं असतं?

आता कुणाशी भांडू मी?

दुपारी आमच्या लिंगायत रीतीने मॅडमना समाधी दिली. आमच्यात माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसवतात.
गुडघ्यामुळे मला फार वेळ उभं राहवेना. क्लबच्या एका मुलीने कुणी न सांगता ती खुर्ची आणून मांडली.
तुम्ही बसलेल्या. मीही बसलेली. माझ्या कॅचर पोरी सगळ्या भोवती उभ्या.
आणि "या महाराणी" म्हणायला कुणी नाही.

निघताना दादा म्हणाला, "चार दिवस नांदेडला चल."
मी नाही म्हटलं. सोमवारपासून प्रॅक्टिस आहे. खुर्ची आता मलाच न्यावी लागेल.

मॅडम, मी कुठेही जात नाही. तोंड पाडायचं आता सोडा.

शरणू शरणार्थी.
तुमची,
नांदेड