प्रस्थानाची पिशवी

मी यादीवाली बाई आहे. घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते, होऊ दे. आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा घेऊन अमरावतीहून कच्छच्या रणापर्यंत स्वतःच्या गाडीनं जायचं, अकरा दिवस फिरायचं, वाटेत तंबूतही राहायचं. हे यादीशिवाय करून दाखवा आणि मग हसा म्हणावं.

दिवाळीआधीचे दोन रविवार मी राजापेठेतल्या आमच्या गच्चीवर तंबू ठोकला. पोरांना सवय नको का व्हायला? पहिल्या रविवारी मुलगा तासाभरातच "मले घरी जायचं" म्हणून रडायला लागला. घर तेरा पायऱ्या खाली होतं. नवरा हसून हसून बेजार. सासूबाई पायरीवरूनच म्हणाल्या, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि वहीत लिहिलं: मुलाची उशी घ्यायची.

वहीत सगळं होतं. कुठं थांबायचं, कुठं जेवायचं, गाडी लागली तर काय द्यायचं. माझा मुख्य नियम असा की एका जातीचं सामान एकाच पिशवीत, म्हणजे शोधाशोध नको. मुलीला लहानपणापासून बाळदमा. तिचा पंप, त्याला लावायचा प्लास्टिकचा नळा, वाफेचं मशीन, गोळ्या, सगळं एका हिरव्या पिशवीत. एरवी एक जादा पंप माझ्या पर्समध्ये असतो. तोही मी काढून त्याच पिशवीत टाकला. नियम म्हणजे नियम.

निघायचा दिवस मंगळवार आला. नवऱ्याची रजा तेवढीच, बदलणं शक्य नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "मंगळवारी लेकरं घेऊन घराबाहेर पडू नये बाई. सोमवारी प्रस्थान ठेवून दे, मंग जा." म्हणजे चांगला दिवस पाहून आदल्या दिवशीच आपलं एखादं सामान शेजारी नेऊन ठेवायचं. तेव्हाच प्रवास सुरू झाला असं मानायचं. दुसऱ्या दिवशी जाताना ते शेजाऱ्याकडून उचलायचं आणि मागं न पाहता पुढं जायचं. मला असल्या गोष्टींचा वैताग आहे. पण वाद घालायला वेळ नव्हता.

"काय ठेवू?" मी विचारलं.

"तुमच्या दोघायच्या कपड्याची पिशवी ठेव. पोरायचं काही नको ठेवू," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

कपड्यांच्या बॅगा गाडीत खाली गच्च बसवून झाल्या होत्या. त्या परत काढायच्या? कोण काढतं. मी चिडले होते. हाताशी हलकी अशी एकच पिशवी होती, हिरवी. ती उचलली, चार घरं टाकून राहणाऱ्या काकूंच्या झोपाळ्यावर ठेवून आले, आणि वहीत 'औषधं' या शब्दापुढं बरोबरची खूण केली. पिशवी घरातून निघाली होती ना.

मंगळवारी उजाडता उजाडता निघालो. काकूंच्या दारावरून गाडी गेली तेव्हा मी मुलाच्या पायात मोजे घालत होते.

मूर्तिजापूर मागं पडलं आणि पुढं कापसानं भरलेला एक ट्रक आला. मुलाला तो बघायचा होता म्हणून त्यानं काच खाली केली. गार हवा, धूळ, उडणारे कापसाचे तंतू, सगळं आत आलं. पाच मिनिटांत मुलगी खोकायला लागली. मग खोकला थांबला आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. आमच्या घरात हा आवाज सगळे ओळखतात. मी हिरव्या पिशवीसाठी मागं हात घातला.

हात तसाच राहिला. मी उशी उचलली, तंबू सरकवला, डब्याची पिशवी उलटी केली. मला आठवलं होतं, तरी मी शोधत होते.

"काय झालं? दे ना पंप," नवरा आरशातून बघत म्हणाला.

"पिशवी प्रस्थानात राहिली," मी म्हणाले.

गाडी तेवढ्याच वेगात चालत होती. मुलगी पुढं वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसली होती, प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखाली खड्डा पडत होता. फाट्यावरचं औषधाचं दुकान बंद होतं. मी इतकी भ्याले होते की मला तिच्याशी बोलताही येईना. नुसती तिची पाठ चोळत होते.

"फोन लाव आईले," नवरा म्हणाला. मी लावला, स्पीकरवर.

"आई, तुह्या त्या प्रस्थानापायी पोरीचं औषध तिकडंच राहिलं. तिले दम लागून राहिला इथं. औषधाची पिशवी ठेवाले कोणी सांगतलं होतं तुले?"

मला ठाऊक होतं आता काय येणार: मी त कपड्याची सांगतली होती, तिले विचार. मी वाट बघत राहिले.

"चुकलं बा माहं," सासूबाई म्हणाल्या. "तू आता गाडीकडं ध्यान दे. अकोला गाठ." आणि फोन ठेवला.

मी सुन्न झाले. या बाईनं माझी चूक अशी सरळ आपल्या पदरात घेतली होती. आणि लाज वाटते सांगायला, पण बाजूला माझी लेक श्वासासाठी धडपडत असताना मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

अकोल्यात शिरल्याबरोबर मुलांचा एक दवाखाना दिसला. तोवर तिचे ओठ निळसर झाले होते. नर्सनं मास्क लावला, वाफ सुरू केली. डॉक्टरांनी मला विचारलं, "बाळदम्याच्या पेशंटला पंपाशिवाय गाडीत बसवलंच कसं?" मी तिच्या तोंडावरचा मास्क सावरत राहिले. तासाभरानं तिच्या ओठांवर रंग आला आणि तिनं विचारलं, "आपण कच्छला पोचलो का?" तेव्हा मी रडले.

नवऱ्यानं फोन करून दवाखान्याचं नाव कळवलं होतं; दुपारच्या आत सासूबाई दारात उभ्या. बडनेऱ्याच्या पुढं एकटीनं कधी न गेलेली बाई एसटीनं आली होती, हिरवी पिशवी छातीशी धरून. नवऱ्यानं पिशवी घेतली आणि तोंड फिरवलं. त्या बाकावर बसल्या. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी त्यांना पाणी दिलं.

कच्छ राहिलं. आम्ही परत आलो. वर्षभर नवरा येताजाता आईला टोमणे मारायचा, पाहुण्यांपुढं तो किस्सा सांगायचा. सासूबाई कधी उठून आत जायच्या, कधी हसायच्या. मीही हसायचे.

यंदाच्या दिवाळीआधी मी पुन्हा वही उघडली. नवरा जेवताना म्हणाला, "आई, या खेपेले प्रस्थान-बिस्थान नको हं, पोट्टी मरता मरता वाचली." सासूबाई मान खाली घालून भाकरी मोडत राहिल्या. मुलगी आजीकडं बघत होती. तिचं ते बघणं मला सहन झालं नाही.

"पिशवी मी ठेवली होती," मी म्हणाले. "आईंनी कपड्यांची सांगितली होती. पोरांचं काही ठेवू नको, हेही सांगितलं होतं."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. "मंग आई, तू फोनवर बोलली काहून नाही?"

"तू गाडी चालवून राहिला होता," सासूबाई म्हणाल्या. "तिथं तिच्याशी भांडत बसला असता त अकोला कोणी गाठलं असतं?"

"ते त्या दिवशी. पण नंतर? वर्ष झालं आई."

सासूबाईंनी त्याच्या ताटात भाजी वाढली.

"नंतर मले कोणी इचारलंच नाही बा," त्या म्हणाल्या.