लेकीचा चिंचोका

ठाण्याजवळच्या बाळकुमच्या मिठागरात बाई मिठाची पाटी राशीवर रिकामी करून वळली की मुकादम तिच्या हातावर एक चिंचोका ठेवी. एक खेप, एक चिंचोका. सांजेला ज्या बाईच्या ओटीत जितके चिंचोके, तितकी तिची मजुरी. इतका सरळ कारभार. पायाला मिठाने चिरा पडत, डोक्याची चुंबळ ओली होई, पण ओटीतला चिंचोका कधी खोटा निघाला नाही.

त्यातच एक रीत होती. ज्या घरी मुलीचं लगीन निघालं असेल, त्या आईच्या पदरात प्रत्येक बाई रोजचा एक चिंचोका टाकी. त्याला म्हणत लेकीचा चिंचोका. मुकादमही कधी हा तुझा की तिचा असं विचारत नसे. फक्त एक बंधन होतं. मजुरी घेताना त्या आईने देणारणींची नावं मोठ्याने घ्यायची. ‘हा सखूबायचा, हा मालनचा, हा कमलाबायचा.’ नाव न घेता घेतलेला चिंचोका म्हणजे चोरी. तो लाभत नाही, लेकीला सासरी सलतो, असं जुन्या बायका सांगत.

सगुणाने असे चिंचोके किती टाकले याला गणती नव्हती. नवरा धाकू वारल्यापासून तिला पै-पैची ओढ होती, पण कुणाच्या मुलीला हळद लागायची झाली की सगळ्यांत आधी तिचा हात ओटीत जाई. शिवाय धवलारीण तीच. लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणायला तिला बाळकुमपासून माजिवड्यापर्यंत बोलावणी येत. उभ्या अंगाची, काळीसावळी, खणखणीत आवाजाची बाई. ती बोलली की बायका मानत.

म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

कापडावरचं रेशनिंग उठलं आणि ठाण्याच्या बाजारपेठेत श्रीविलास वस्त्र भांडाराची पेढी उघडली. त्यांची एक पेढी कल्याणला, एक डोंबिवलीला. काचेचं कपाट, त्यात लाकडी बाहुली, बाहुलीच्या अंगावर डाळिंबी रंगाचा शालू. लुगड्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या, चिठ्ठीवर एक भाव खोडलेला आणि खाली दुसरा, कमी. शिवाय गिऱ्हाइकाला एक जाड पिवळं कार्ड मिळे. खरेदी झाली की त्यावर समईचा जांभळा शिक्का मारत. कार्ड शिक्क्यांनी भरलं की बाहुलीच्या अंगावरच्यासारखा शालू फुकट.

सगुणाने ते कार्ड हातात घेतलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“आगो, ह्यो त चिंचोकाच हाय!” मिठागरात येऊन तिने बायकांना सांगितलं. “खेप टाकली का चिंचोका, लुगरा घेतला का शिक्का. माजे लक्षुमीला औंदा-पुढंदा उजवायचीच हाय. तुमी ठान्याला कापड घ्याल त्या माजेच कार्डावर शिक्का मारून आना. लेकीचा चिंचोका समजा.”

“नि शालू आला का आमाला नेसाला देशील का?” मालन म्हणाली.

“तुजे कंबरंला शालू पुरंल का गो? दोन लागतील!”

बायका खदखदून हसल्या आणि गोष्ट ठरली. कार्ड सगुणाच्या घरी दिव्याच्या कोनाड्यात राही. जी ठाण्याला जाई ती ते घेऊन जाई आणि एखादा नवा शिक्का घेऊन येई. लक्ष्मी रोज दिवा लावताना ते उचलून बघे. तिचं लग्न माजिवड्याच्या रंगूबाईच्या मुलाशी ठरलं, तेव्हा सगुणाने भरल्या बैठकीत सांगून टाकलं, “पोरगी शालू नेसून येल तुमचे दारात.” रंगूबाई पान चघळता चघळता थांबली. मिठागरातल्या विधवेच्या तोंडी शालू! पण धवलारणीचा शब्द. तिने मान डोलावली.

या सगळ्यात राघो मागे पडला.

राघो कल्याणचा साळी. पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन तो वर्षानुवर्षं खाडीकाठच्या गावांतून फिरे. नेसायचं लुगडं तो आज देई आणि पैसे मीठ उचललं गेल्यावर नेई. ज्या घरी लग्न, त्या घरच्या नवरीला एक चोळीचा खण वरून. त्याला कुठलं कार्ड लागत नसे. आता तो चिंचेखाली गाठोडं सोडून बसे आणि बायका लांबून जात. हाक मारली तर म्हणत, “राघोदादा, आमी ठान्यास्नं आनला.”

एका दुपारी सगुणाने त्याला गूळपाणी दिलं. तांब्या खाली ठेवून तो म्हणाला, “सगुणाबाय, लक्षुमीचं लुगडं माझ्याकडून घ्या. पैशाचं मागनं बगू.”

सगुणाने घरातून कार्ड आणून त्याच्यापुढे धरलं. “ह्यो बग. भरत आलाय. फुकट शालू.”

राघोने कार्ड डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं. “मागं बारीक काय काय लिवलंय.”

“वाच ना मंग.”

“मला कुठं येतंय. आन् नजर पण गेली. पर बाय, एवढं बारीक लिवतात ते कुनी वाचू नये म्हनूनच.” तो गाठोडं आवळू लागला. “चिठ्ठीवरचा खोडल्याला भाव बगितलास? तो खोडायलाच लिवल्याला असतो. आधी चढवायचा, मंग उतरवायचा. माझा भाव चढत पन न्हाई, उतरत पन न्हाई. म्हनून कुनाच्या डोळ्यांत भरत न्हाई.”

“तुजा धंदा बसला म्हनून बोलतंस तू,” सगुणा म्हणाली.

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंसं झालं. राघो उठला. गाठोडं पाठीवर घेताना त्याला दोनदा जोर लावावा लागला. त्यानंतर तो बाळकुमला आला नाही.

वैशाखात लग्न. चैत्र सरता सरता कार्ड भरलं. शेवटचा शिक्का मालनने आणला आणि मिठागरात कार्ड सगळ्यांच्या हातांतून फिरलं. मिठाची बोटं लागून त्याच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगुणा लक्ष्मीला घेऊन ठाण्याला गेली. पायांना फरशी गार लागत होती. गल्ल्यावर मालकाचा भाचा बसला होता, चष्मेवाला, बोलायला गोड.

“अरे वा! अगदी काठोकाठ भरलंय की कार्ड. बसा, बसा बाई.” त्याने नोकराला शालू काढायला सांगितला. नोकराने डाळिंबी घडी आणून लक्ष्मीच्या पुढ्यात उलगडली. तिने हात पाठीमागे लपवला. बोटांना मिठाच्या चिरा होत्या, शालूचा जर ओढला गेला असता.

“बरीच खरेदी केलीत हो,” भाचा सहज म्हणाला. “घरात माणसं बरीच दिसतात.”

“मानसं कुठली? मी नि ही लक्षुमी.”

“मग इतकी लुगडी?”

आता मजुरी घ्यायची वेळ आली होती, आणि मजुरी घेताना नावं घ्यायची असतात. सगुणा सरसावून बसली. एकेका शिक्क्यावर बोट ठेवत, धवला म्हणावा तशा खणखणीत आवाजात ती सांगू लागली, “ह्यो सखूबायचा, सुनेला लुगरा घेतला तवाचा. ह्यो कमलाबायचा. हे दोन मालनचे. ह्यो सरोजचा, तिचे बारशाचा...” दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. भाच्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. सगुणाचं मात्र बोट थांबेना. एकही नाव राहून चालणार नव्हतं.

तिचं संपल्यावर त्याने कार्ड पालथं केलं. “बाई, यावर लिहिलंय. कार्ड एका कुटुंबापुरतं. दुसऱ्यांच्या खरेदीचे शिक्के धरता येत नाहीत.”

“पन शिक्के त तुमचेच मानसांनी मारलेत.”

“नोकरांना काय माहीत, कोण कुणाचं ते.” त्याने आवाज खाली आणला. “तुम्ही बोलला नसतात तर मी दिला असता हो. आता चार माणसांत बोललात. तिन्ही पेढ्यांना एकच नियम आहे, मलाही वर जाब द्यावा लागतो.” आणि त्याने तांबड्या पेन्सिलीने कार्डावर आडवी रेघ ओढली. सगळ्या समया एका रेघेत गेल्या.

नोकराने शालूची घडी घातली. भाच्याला वाईट वाटलं असावं. त्याने एक कोरं कार्ड काढलं, त्यावर आपल्या हाताने एक शिक्का मारला आणि ते पुढे केलं. “हा पहिला माझ्याकडून.”

सगुणाने ते घेतलं नाही. लक्ष्मीने घेतलं, कारण त्याचा हात तसाच पुढे राहिला होता.

दोघी माजिवड्याच्या नाक्यापर्यंत चालत आल्या. मग लक्ष्मी म्हणाली, “आये, तू कयाला बोललीस?”

“मंग काय चोरी करू?”

“उगी ऱ्हायली असतीस त...”

“ज्यांनी दिला त्यांचा नाव घेवाचा नाय?”

लक्ष्मी रडू लागली. सगुणाला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण तिचे हात उचलेनात. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपण एवढं तोंड मिटून बसलो असतो तर काय आभाळ कोसळलं असतं? आणि हे वाटल्याचीच तिला जास्त भीती वाटली.

लग्न तोंडावर. विकत शालूचं तर नावच नको. दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसून कल्याणला गेली, राघोकडे. काय म्हणायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं: दादा, मी नको ते बोलले, आता तूच नेसव पोरीला.

साळ्यांच्या आळीत राघोची बायको पार्वती ओसरीवर गोधडी शिवत बसली होती. कपाळ मोकळं होतं. सगुणा पायरीवरच थांबली.

“गणपती गेले, त्याच आठवड्यात हे बी गेले,” पार्वती म्हणाली. “वर या. फिरतीवर जायचे थांबले आन् पायच धरले त्यांचे. घरात बसायची सवं न्हवती.”

सगुणा बसली. ठरवलेलं वाक्य आता कुणाला सांगायचं?

“तुमच्या बाळकुमचं लई इचारायचे. म्हनायचे, सगुणाबायच्या लेकीचं लगीन निघालं असंल. गाठोड्यात हिरवं लुगडं ठेवलंवतं काठाचं. हे कुनाला दिऊ नको म्हनाले. मी कुठवर ठेवनार?” तिने मांडीवरची गोधडी थोडी वर केली. शेजारी हिरव्या लुगड्याचे दोन तुकडे पडले होते, नवे कोरे, मधोमध फाडलेले. “कालच फाडलं. अस्तराला.”

सगुणाने ते तुकडे उचलून त्यांच्या फाटलेल्या कडा एकमेकींना लावून पाहिल्या. मग पार्वतीने एक सुई हातात घेतली, दुसरी सगुणाला दिली. एकीने या टोकाकडून, एकीने त्या टोकाकडून, दोन्ही तुकडे जोडत आणले. दांड घातला. इतका बारीक टाका की लांबून कळू नये. पण दांड तो दांडच. जुनेराला घालतात, नवरीच्या लुगड्याला नाही.

लग्नाच्या दिवशी सगुणाने स्वतः लक्ष्मीला नेसवलं. दांड आत येईल असा ओचा केला. बायका जमल्या. कार्डाचं सगळ्यांना कळलं होतं, पण कुणी चकार शब्द काढला नाही, आणि ते न बोलणंच तिला पाटीपेक्षा जड झालं. धवले तिनेच म्हटले. आवाज दोनदा फाटला.

लग्न लागलं. रंगूबाई सुनेला जवळ घ्यायला आली. तिने लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला, पारखावा तसा चोळत चोळत कमरेपर्यंत नेला. ओच्यापाशी तिची बोटं थांबली.

“आगो बाय! दांड?” ती मांडवभर ऐकू जाईल अशी म्हणाली. “शालू मिठात इरघलला वाटतं धवलारणीचा!”

माजिवड्याच्या बायका हसल्या. बाळकुमच्या बायकांनी माना खाली घातल्या. लक्ष्मी मात्र ताठ उभी होती. “राघोकाकाचा हाय,” ती म्हणाली. पण माजिवड्यात राघो कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं.

सासरी तिला नाव पडलं, दांडवाली. दोन लेकरं झाली तरी ते सुटलं नाही. माहेरी आली की ती हसत सांगे, आणि सगुणा उठून चुलीपाशी जाई. त्या लग्नानंतर सगुणाने कुठल्या मांडवात धवला म्हटला नाही. घसा गेला, असं सांगे.

श्रीविलासची कार्डं मात्र बाळकुममध्ये राहिली. लक्ष्मीने आणलेलं ते एका शिक्क्याचं कार्ड मालनने मागून नेलं. मग सखूबाईने आपलं वेगळं काढलं, सरोजने आपलं. आता जिचं कार्ड तिच्या घरात, पेटीत, कुलपात. ठाण्याला कोण निघाली हे एकमेकींना सांगेनाशा झाल्या. “कार्ड एका कुटुंबापुरता असतो,” मालन म्हणे, जणू कायम तसंच होतं. कुणाला शालू मिळाला म्हणावं तर एकीलाही नाही. कधी मुदत सरे, कधी शिक्का पुसट निघे. तरी जाणं थांबलं नाही. खोडलेला भाव बघून बाईचा पाय वळतोच.

तीनेक वर्षांनी कमळाबाईच्या मुलीचं लगीन निघालं. पहिल्या सांजेला मिठाच्या राशीपाशी कमळाबाई रीतीप्रमाणे पदर पसरून उभी राहिली. बायका पाट्या आपटत, चुंबळी झटकत जवळून गेल्या. एक म्हणाली, उद्या देते. एक म्हणाली, घरात दुखणं हाय गो. मालनने ओटी घट्ट धरली होती.

सगुणा सगळ्यांच्या मागून आली. गुडघे धरत होते. तिने ओटीत हात घातला, चिंचोका काढला आणि कमळाबाईच्या पदरात टाकला. एरवी तो दुसऱ्या चिंचोक्यांवर पडून वाजायचा.

कमळाबाई मुकादमापुढे गेली. पदर उघडला.

“ह्यो सगुणाबायचा,” ती मोठ्याने म्हणाली, आणि पुढचं नाव घ्यायला तोंड उघडून तशीच उभी राहिली.