थेल्माची दोनशेवीस ग्रेनची गोळी

माझी नणंद थेल्मा हाउगेन गावातल्या खाटकाच्या दुकानात मांस तोडायची. शिकारीचा मोसम लागला की डोंगरातून ट्रक खाली यायचे, मागे घोड्याएवढी एल्क हरणं आडवी घातलेली, आणि थेल्मा सकाळपासून कोपरापर्यंत रक्तात. जखमेत बोटं घालून ती सांगायची, कुणाची गोळी आत काय करून गेली.

"हे बघ, डोरिस," एकदा तिनं मला एका नराचा खांदा उघडून दाखवला. आत काळानिळा चिखल झाला होता, हाडाचे तुकडे आणि शिशाची कणी एकत्र मळलेली. "हलकी गोळी. हाडावर आपटली आणि जागच्या जागी फुटली. फुप्फुसाला पत्ताच नाही. हा बिचारा तीन पायांवर पळत राहिला असणार."

थेल्मा स्वतःची काडतुसं घरीच भरायची. दुकानातली विकत घेणं तिला पटायचं नाही. मागच्या पडवीत जुन्या टेबलाला तिचं दाबयंत्र पक्कं बसवलेलं होतं. झाडलेली पितळी नळकांडी घासूनपुसून घ्यायची, बुडाला नवी टोपी बसवायची, दारू तराजूवर तोलून ओतायची आणि वर गोळी दाबायची. गोळी मात्र नेहमी एकच, दोनशेवीस ग्रेन वजनाची, बोथट नाकाची, त्या बंदुकीत बसणाऱ्यांतली सगळ्यात जड. माझा नवरा लायल, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, त्याच जातीच्या बंदुकीत दीडशेची हलकी गोळी भरायचा. यावरून जेवणाच्या टेबलावर दोघांचं दर रविवारी जुंपायचं.

"माझी गोळी पोचते ना," लायल म्हणायचा, "तेव्हा तुझी अजून वाटेत कॉफी प्यायला थांबलेली असते."

"पोचते रे. पण तुझी दारातच मरते, घरात शिरतच नाही."

"लांबचा नेम धरायचा तर हलकीच बरी. तुझी तर दगडासारखी खाली पडते."

"मग लांबून मारू नकोस. जवळ जा. पाय दिलेत ना देवानं?"

तिच्या या हट्टाला कारण होतं. तरुणपणी तिनं पहिल्यांदा एल्कवर गोळी झाडली ती वडिलांच्या हलक्या काडतुसानं. नेम चुकून जबड्याला लागला. खालचा जबडा लोंबकळत ठेवून ते जनावर रानात पळालं. दुसऱ्या दिवशी तिला ते ओढ्यात सापडलं, जिवंत, तहानेनं पाण्यात तोंड खुपसलेलं, पण पिता येत नव्हतं. बंदुकीतली उरलेली गोळी तिनं मानेत मारली, ती कवटीच्या बुडाशी फुटून राहिली आणि जनावर तरीही हलत होतं. शेवटी तिनं त्याच्या मानेवर बसून सुरीनं गळा चिरला. तेव्हापासून हलकी गोळी तिनं हातात धरली नाही. नेम चुकला त्यात गोळीचा काय दोष, असं मी एकदा म्हणाले, तर ती आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही तिघं घोड्यांवरून वरच्या रानात गेलो. रात्री पातळ बर्फ पडून गेलं होतं. सकाळी पलीकडच्या उतारावर एक मोठा नर दिसला, आमच्याकडे तिरकं तोंड करून उभा.

"आता नको," थेल्मा कुजबुजली. "खांद्याचं हाड मध्ये येतंय. त्याला वळू दे."

"वळेल आणि जाईल," लायल म्हणाला आणि त्यानं बंदुकीचा चाप ओढला.

नर पुढच्या गुडघ्यांवर कोसळला, उठला आणि खालच्या झुडपांत घुसला. आम्ही तिथं पोचलो तर बर्फावर थोडंसं रक्त आणि हाडाच्या पांढऱ्या चिपा. थेल्मानं एक चीप उचलून भावासमोर धरली. ते त्याला झोंबलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "बसेल तो कुठंतरी. आपण मागे लागलो तर पळत सुटेल."

"माझं जनावर आहे. मी संपवतो." असं म्हणून लायल एकटाच माग काढत खाली उतरला. आम्ही दोघी वरच्या कडेनं त्याच्या बरोबरीनं चालत होतो. त्याची टोपी आम्हाला झुडपांवरून दिसत होती.

नर मरून पडला होता, पण आमच्या आधी तिथं ग्रिझली अस्वल पोचलं होतं. त्यानं पोट फाडून आतडी बाहेर ओढली होती. लायल झुडपातून बाहेर आला तो थेट त्याच्या तोंडासमोर. अस्वल हुंकार देऊन उसळलं. लायलनं बंदूक कमरेपाशीच धरून गोळी झाडली. ती खांद्यात बसली, मी केस उडताना पाहिले. अस्वल थबकलंसुद्धा नाही. त्यानं लायलला पाठीवर पाडलं, वर चढलं आणि त्याचं डोकं तोंडात धरून झटकलं. बंदूक लांब उडाली. हाडावर दात घासल्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

"मार ना! थेल्मा, मार!" मी ओरडत होते.

थेल्मा गुडघ्यावर बसली होती, बंदूक खांद्याला, गाल दस्त्याला. ती मारत नव्हती. ती चार पावलं उजवीकडे सरकली, पुन्हा बसली. मला वाटलं, हिचा धीर सुटला. मी तिच्या हातातली बंदूक हिसकावून घेणार, तोच बार झाला.

अस्वलानं डोकं सोडलं आणि ते दोन पायांवर उभं राहिलं. नाकातोंडातून लाल फेस येत होता. दुसरी गोळी छातीत, तिसरी मानेत. ते लायलच्या पायांवरच कोसळलं.

आम्ही घसरत, पडत खाली पोचलो. लायलच्या डोक्याची कातडी कपाळापासून सोलून कानावर लोंबत होती. पण तो ओरडत होता ते पायासाठी. वर सोडलेला एक घोडा मी ओढत खाली आणला आणि त्याला दोर बांधून आम्ही अस्वल बाजूला ओढलं. उजव्या गुडघ्याच्या जागी एक खड्डा होता, आत वाटीचे तुकडे, आणि रक्त उसळ्या मारत होतं.

"चावलंय गं इथं," मी म्हणाले.

"हे अस्वलानं केलेलं नाही," थेल्मा म्हणाली. बंदुकीचा पट्टा सोडून तिनं मांडीला आवळला, त्यात काटकी घालून पिळला. डोक्याची कातडी हातानं जागेवर बसवली आणि स्वतःचा सदरा फाडून बांधली. लायल शुद्धीवर होता. त्यानं बहिणीच्या हाताला चावा घेतला. तिनं चावू दिलं.

शहरातल्या इस्पितळात डोकं शिवलं गेलं, पाय मांडीतून कापावा लागला.

वनखात्याच्या माणसानं अस्वल फाडून पाहिलं. लायलची गोळी खांद्याच्या मांसातच चुरा होऊन बसली होती. थेल्माची पहिली फुप्फुसांतून आरपार गेली होती. "बाई, तुमचं काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. थेल्मा म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं?"

घरी आल्यावर लायल भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. "तिला सिद्ध करायचं होतं," तो मला म्हणायचा. "आयुष्यभर ऐकवलं ना, आरपार जाते, आरपार जाते. गेली बघ."

थेल्मा रोज यायची, लाकडं फोडून ठेवायची, जायची. तो तिच्याशी बोलायचा नाही. एका दुपारी ती चुलीत लाकूड सारत असताना त्यानं कुबडी उचलून तिच्या तोंडावर फेकली. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं.

"झालं?" ती म्हणाली.

"नाही झालं! माहीत होतं तुला ती कुठं जाणार!"

"हो, माहीत होतं!" थेल्मा इतक्या मोठ्यानं ओरडली की भांडी वाजली. "आधी उभी होते तिथून मारली असती तर ती अस्वलातून निघून तुझ्या छातीत शिरली असती. म्हणून सरकले. तुझं डोकं त्याच्या तोंडात होतं. सरकल्यावर गोळीच्या वाटेत तुझे पायच तेवढे येत होते. मी पाय निवडला, लायल. बघून, ठरवून निवडला."

तिचं रक्त हनुवटीवरून फरशीवर ठिबकत होतं. लायलनं मला विचारलं, "ती सरकली होती?"

"चार पावलं," मी म्हणाले. "मला वाटलं घाबरली."

"घाबरलेच होते," थेल्मा म्हणाली आणि चुलीचं दार लावून निघून गेली.

त्यानंतर त्यानं कधी तिची माफी मागितली नाही, तिनंही मागितली नाही. हिवाळ्यात त्याला लाकडी पाय बसला. वसंतात तो घोड्यावर चढायला शिकला, पडला, शिव्या घातल्या, पुन्हा चढला. थेल्मानं काडतुसं भरणं सोडलं नाही आणि गोळीही बदलली नाही, पण पुढच्या मोसमात ती एकटी रानात गेली. मला म्हणाली, "पुढे माणूस असला की आता माझा हात उठत नाही."

तिनं एल्कची एक मादी मारली आणि ट्रक थेट आमच्या दारात आणून उभा केला. लायल लाकडी पाय ओढत पायरीवर आला, ट्रकच्या मागच्या फळीवर बसला आणि खिशातली सुरी काढून मादीच्या मांडीवरची कातडी सोडवायला लागला. थेल्मानं दुसरी बाजू धरली.

"तुझ्या सुरीला धार नाहीये," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"मग तुझी दे."

तिनं दिली. अंधार पडेपर्यंत दोघं कापत होते, आणि मी आतून पातेली आणून देत होते.